स्थूलवाचनातील कथा आणि इंग्रजी भाषेचे अध्यापन

शालेय इंग्रजीच्या अभ्यासक्रमात कथेला स्थान आहे, याविषयी वाद नाही. परंतु ते स्थान नेमके कोठे आहे हे पाहिले म्हणजे कथेकडून आपण कशाची अपेक्षा करतो, किंबहुना कशाची करीत नाही, हे उघड होते. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २००५ च्या अभ्यासक्रम आराखड्यानंतर नववीसाठी इंग्रजीची जी पुस्तके काढली, त्यांपैकी ‘बीहाइव्ह’ हे मुख्य पुस्तक आणि ‘मोमेंट्स’ हे पुरवणी वाचनाचे. पहिल्यात पाठाच्या अखेरीस भाषेचा विचार करावयास लावणारे स्वतंत्र सदर होते. दुसऱ्यात ओ. हेन्री, चेकॉव्ह, मुल्कराज आनंद यांच्या कथा एकत्र आल्या. पण तेथे कथेवर विचार करा, वर्गात बोला, एवढे सांगून पुस्तक थांबले. आपल्याकडे अशा वाचनाला ‘स्थूलवाचन’ हा शब्द रूढ आहे. शब्द मोठा बोलका आहे. जेथे सूक्ष्म वाचनाची सर्वांत अधिक गरज, तेच साहित्य आपण स्थूलपणे वाचण्यासाठी राखून ठेवले आहे.

या विभागणीमागील गृहीत असे, की भाषिक कौशल्ये ही एक गोष्ट आणि कथेचा आस्वाद ही दुसरी. पहिलीचे गुण मोजता येतात, म्हणून ती मुख्य. दुसरी संस्कारासाठी, विरंगुळ्यासाठी. हे गृहीत चुकीचे आहे, एवढेच प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे. आणि ते तत्त्वचर्चेने नव्हे, तर वर्गात वर्षानुवर्षे शिकविल्या गेलेल्या दोन कथांच्या आधारे. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला इंग्रजी व्याकरणात जे हमखास अडते, नेमके त्याच द्रव्याने या कथा घडलेल्या आहेत, असे आमचे म्हणणे आहे.

तत्पूर्वी आपल्याकडील एका जुन्या सवयीचा उल्लेख करणे भाग आहे. मराठी मुलांच्या हाती छापील गोष्ट आली तीच मुळी बोधासह. तंजावरास सरफोजीराजांच्या आश्रयाने १८०६ मध्ये इसापाच्या गोष्टींचे भाषांतर ‘बालबोधमुक्तावली’ या नावाने छापले गेले. पुढे मुंबईस १८२८ मध्ये सदाशिव काशिनाथ छत्रे यांची ‘इसपनीती’ निघाली. पशुकथेला तात्पर्य शोभते, कारण ती तात्पर्यासाठीच रचलेली असते. पण हीच मोजपट्टी आपण आधुनिक कथेलाही लावतो. ओ. हेन्रीच्या कथेचे तात्पर्य काय, तर आशा सोडू नये. मोपासाँच्या कथेचे काय, तर हव्यास वाईट. एकदा तात्पर्य फळ्यावर लिहिले, की कथेची भाषा टरफलासारखी टाकून द्यावयास आपण मोकळे होतो. मग व्याकरण शिकविण्यासाठी राम, शाम आणि त्यांचे आंबे यांच्या वाक्यांकडे वळावे लागते, यात नवल ते काय?

आता ‘द लास्ट लीफ’ ही कथा घेऊ. ओ. हेन्री या टोपणनावाने लिहिणाऱ्या विल्यम सिडनी पोर्टर याच्या ‘द ट्रिम्ड लॅम्प’ या १९०७ च्या संग्रहात ती आहे. न्यूयॉर्कच्या ग्रिनिच व्हिलेज भागात राहणाऱ्या स्यू आणि जॉन्सी या दोन चित्रकर्त्री. जॉन्सीला झालेला न्यूमोनिया. खिडकीसमोरच्या वेलीचे शेवटचे पान गळले की आपणही जाणार हा तिचा ग्रह. आणि तळमजल्यावरचा साठी उलटलेला अयशस्वी चित्रकार बेहर्मन, जो वादळी रात्री भिंतीवर पान रंगवितो आणि त्या पायी स्वतः मरतो. कथानक सर्वांना ठाऊक आहे. परंतु वर सांगितले त्या क्रमाने कथा ते सांगत नाही, ही गोष्ट वर्गात क्वचितच बोलली जाते. बेहर्मन रंगवितो ती रात्र कथेत आहे, पण त्या रात्रीचे कृत्य तेथे नाही. वाचकाला दिसते ते एवढेच, की स्यू आणि बेहर्मन खिडकीबाहेर वेलीकडे पाहतात, मग एकमेकांकडे पाहतात, आणि कोणी बोलत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एक पान शिल्लक आहे. पुढे डॉक्टर खालच्या मजल्यावरील आणखी एका रोग्याचा उल्लेख करतात. आणि अगदी अखेरीस, स्यूच्या तोंडून, ती रात्र मागे वळून सांगितली जाते.

म्हणजे या कथेचा सारा भार एका व्याकरणिक रूपावर आहे: एका भूतकाळाच्या आधीचा भूतकाळ. हे रूप आपल्या विद्यार्थ्याला किती अवघड जाते ते इंग्रजीच्या प्रत्येक शिक्षकास माहीत आहे. ‘आय हॅड गॉन टु पुणे यस्टरडे’ हे वाक्य महाराष्ट्रातील वर्गांतून पिढ्यान् पिढ्या ऐकू येते. ते अज्ञानाचे फळ आहे असे समजून लाल शाईने खोडले जाते. वस्तुतः ते मराठीच्या नियमाचे काटेकोर पालन आहे. ‘काल मी पुण्याला गेलो होतो’ या मराठी वाक्यातील ‘होतो’ एवढेच सांगते, की ती घटना झाली, संपली, आता मी पुण्यात नाही. तिच्या शेजारी दुसरी भूतकालीन घटना असलीच पाहिजे अशी मराठीची अट नाही. इंग्रजीची ती अट आहे. तेथे हे रूप एकटे उभे राहू शकत नाही. त्याला टेकावयास दुसरा भूतकाळ लागतो. हा फरक सुट्या वाक्यांतून समजाविणे जवळजवळ अशक्य आहे, कारण सुट्या वाक्याला दुसरा भूतकाळ आणावयाचा कोठून? तो कथेत आयता असतो.

मूळ कथेतील शेवटचे निवेदन या दृष्टीने वाचावे. पहाऱ्यावरच्या माणसाला बेहर्मन खोलीत वेदनांनी असहाय अवस्थेत सापडला. त्याचे बूट व कपडे ओलेचिंब आणि बर्फासारखे गार होते. अशा भयंकर रात्री हा कोठे गेला असावा याची कोणाला कल्पना करता येईना. मग जळता कंदील सापडला, जागेवरून ओढून नेलेली शिडी सापडली, विखुरलेले कुंचले सापडले, हिरवा आणि पिवळा रंग कालवलेली रंगपाटी सापडली. ‘कोठे गेला असावा’ येथे इंग्रजीत ‘हॅड बीन’ आहे, आणि ते येथे नियमासाठी आलेले नाही. त्या क्षणी माणसांना जे ठाऊक नव्हते त्याकडे ते बोट दाखविते. पुढील चार वस्तू म्हणजे त्या अज्ञाताचे चार पुरावे. वाचकाने ते जुळवून रात्र उभी करावयाची. स्यू ती शेवटी सांगून टाकते, पण तोवर चांगल्या वाचकाने ती ओळखलेली असते.

आता ‘मोमेंट्स’मधील संक्षिप्त पाठ पाहू. संक्षेपकाराचे काम सोपे नव्हते, हे प्रथम मान्य केले पाहिजे. ग्रिनिच व्हिलेजच्या वाकड्यातिकड्या गल्ल्यांचे विनोदी वर्णन, न्यूमोनियाला एका दांडग्या म्हाताऱ्याचे रूप देऊन केलेला उपरोध, बेहर्मनची जर्मन वळणाची मोडकी इंग्रजी, हे सारे चौदा वर्षांच्या मुलापुढे तसेच ठेवणे कठीणच. ते गाळले याबद्दल आमची तक्रार नाही. बेहर्मनपाशी स्यू आपली चिंता व्यक्त करते तेथे शेवटचे पान गळले की आपण मरणार असा जॉन्सीचा ठाम ग्रह झाल्याचे अप्रत्यक्ष कथन संक्षेपकाराने राखले आहे. हे श्रेय त्याला द्यावयास हवे, कारण काळ बदलून सांगण्याची इंग्रजीची रीत मुलांना तेथे जिवंत पाहावयास मिळते. मराठीत ‘पान गळले की मी जाणार, असे ती म्हणाली’ एवढ्याने भागते. इंग्रजीत ‘मी’ची ‘ती’ होते आणि भविष्यही भूतकाळाच्या सावलीत येते.

परंतु ज्या दोन जागी कथा खऱ्या अर्थाने कथा आहे, तेथेच पाठ सैल पडला आहे. खिडकीपाशी मूळ लेखकाने वेलीवर किती पाने उरली ते सांगितलेले नाही. पाठात एकच पान उरले असून ते कोणत्याही क्षणी गळेल असे सांगितले आहे. दोघांची एकमेकांकडे पाहण्याची मूक नजर जाऊन बेहर्मन काही बोलला नाही एवढे वाक्य राहिले आहे. आणि शेवटच्या निवेदनात जेथे तो कोठे गेला असावा याची कोणाला कल्पना करता येईना, तेथे पाठ सरळ सांगतो, की तो त्या वादळी रात्री बाहेर होता. ‘हॅड बीन’ राहिले, प्रश्न गेला. व्याकरणाचे रूप जपले आणि त्याचे कारण काढून टाकले. यानंतर येणारे शिडी, कंदील व रंग हे पुरावे राहत नाहीत, नुसते सामान होते. भाषा सोपी केली असे आपण म्हणतो. येथे एकही अवघड शब्द सोपा झालेला नाही, फक्त वाचकाचे काम कमी झाले आहे. आणि वाचकाचे ते काम म्हणजेच आकलन ना?

हे काम मराठी विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरचे नाही; उलट त्याच्या मातृभाषेने त्याला त्यासाठी उत्तम साधने दिली आहेत. ‘त्याने पान रंगविले असेल’, ‘रंगविले असावे’, ‘रंगविले असणार’ या तीन वाक्यांत खात्रीची तीन माने आहेत, आणि कोणताही मराठी मुलगा ती न शिकता जाणतो. वर्गात शिडी सापडल्यावर थांबावे आणि विचारावे: आता ‘असेल’ म्हणाल की ‘असावे’? रंगपाटी सापडल्यावर पुन्हा विचारावे. मग ‘मे हॅव’ आणि ‘मस्ट हॅव’ यांतील अंतर नियमाने सांगावे लागत नाही. कथेतील पुराव्याने ते मुलाच्या तोंडून निघते. प्रस्तुत लेखकाने हा प्रयोग मराठी माध्यमाच्या एका वर्गात केला तेव्हा कंदिलापाशी आलेले एक उत्तर अजून आठवते: “असेल, पण कंदील तर कोणीही नेतो, सर.” पुराव्याचे वजन करणारे हे वाक्य वाचनकौशल्याच्या कोणत्याही चाचणीत पूर्ण गुणांस पात्र ठरावे, परंतु त्यासाठी तेथे रकाना नसतो.

डॉक्टरांच्या तोंडचा एक बारकावाही येथे नोंदवावासा वाटतो. मूळ कथेत ते खालच्या रोग्याचे नाव सांगतात आणि तो कोणीतरी चित्रकार असावा, असे आपल्याला वाटते म्हणून जोड देतात. ‘आय बिलीव्ह’ या दोन शब्दांत सारा उपरोध आहे: जॉन्सी ज्याच्यामुळे वाचली त्याच्याविषयी वैद्याला धड माहिती नाही. इंग्रजी संभाषणात विधान सौम्य करण्यासाठी असे शब्द वापरतात, असे आपण ‘संभाषणकौशल्य’ या शीर्षकाखाली शिकवितो, आणि उदाहरणे देतो रेल्वेच्या चौकशी खिडकीची!

दुसरी कथा मोपासाँची ‘द नेकलेस’. मूळ फ्रेंच कथा १८८४ साली ‘ल गोल्वा’ या पॅरिसच्या दैनिकात आली. दहावीच्या ‘फूटप्रिंट्स विदाऊट फीट’ या २००७ च्या पुरवणी पुस्तकात तिचे संक्षिप्त इंग्रजी रूप घेतले गेले. येथे अडचण निराळी आहे, कारण आपण शिकवितो ते भाषांतर. मूळ फ्रेंचमध्ये कथेचा पहिला भाग, म्हणजे मातिल्दचे कुढणे, आपल्या भिंती व खुर्च्या पाहून खंतावणे, दिवाणखान्यांची आणि मेजवान्यांची स्वप्ने, हा सारा अपूर्ण भूतकाळात आहे. हे रोजचे आहे, संपत नाही, असे ते रूप सांगते. मग एका संध्याकाळी नवरा निमंत्रणाचे पाकीट घेऊन येतो, आणि क्रियापद एकदम घटनेच्या भूतकाळात जाते. पाकीट दारातून आत येण्याआधी ते क्रियापदातून आत येते, असे म्हटले तरी चालेल.

इंग्रजी भाषांतरात हा खटका बहुधा ऐकू येत नाही. इंग्रजीचा साधा भूतकाळ रोजच्या सवयीलाही चालतो आणि एकवार घडलेल्या घटनेलाही. त्यामुळे दोन्ही भाग एकाच रंगात रंगतात आणि ‘एका संध्याकाळी’ या शब्दांवर सगळा भार पडतो. मराठीचे तसे नाही. आपल्या व्याकरणात ज्याला ई-आख्यात म्हणतात ते रीतिभूतकाळाचे रूप नेमके या कामाचे आहे: ती कुढे, झुरे, मनात महाल बांधी, आणि एका संध्याकाळी नवरा परतला. ‘बांधी’ आणि ‘परतला’ यांतील अंतर फ्रेंच वाचकाला जसे जाणवते तसेच मराठी वाचकाला जाणवते. मधली इंग्रजी तेवढी मुकी राहते. म्हणून या परिच्छेदाचा मराठी अनुवाद वर्गात करून घेणे हा वेळेचा अपव्यय नव्हे. ‘यूज्ड टु’ आणि ‘वुड’ यांची इंग्रजीला गरज का पडते, हे तो अनुवाद करताना मुलाला आपोआप समजते. इंग्रजीच्या तासाला मराठी वर्ज्य, हा जो दंडक काही प्रशिक्षण महाविद्यालयांत घालून दिला जातो, त्याचा या ठिकाणी तोटाच आहे.

या कथेतील आकड्यांकडेही भाषेच्या शिक्षकाने पाहावे. बंदुकीसाठी नवऱ्याने साठविलेले ४०० फ्रँक पोशाखात जातात. हरवलेल्या हाराच्या जागी घेतलेला हार ३६,००० फ्रँकांना पडतो, त्यांपैकी १८,००० वारशाचे, उरलेले कर्जाचे. कर्ज फेडण्यात दहा वर्षे जातात. आणि शेवटच्या वाक्यात मूळ हाराची किंमत फार तर ५०० फ्रँक निघते. ते वाक्य मैत्रिणीचे आहे, आणि त्यावर मातिल्दची प्रतिक्रिया लेखकाने दिलेली नाही. “मातिल्दला काय वाटले असेल ते लिहा” हा प्रश्न शिक्षक विचारतात. प्रश्न वाईट नाही, परंतु त्याआधी एक प्रश्न विचारावयास हवा: दहा वर्षांपूर्वी हार परत देताना मैत्रिणीने पेटी उघडून पाहिली असती तर? इंग्रजीतील संकेतार्थाचे अवघड रूप, ‘इफ शी हॅड ओपन्ड’, येथे कोणी लादलेले नाही. मातिल्दला तीच भीती होती, मैत्रीण पेटी उघडेल आणि बदल ओळखेल ही, आणि मोपासाँने ती भीती सांगून ठेवली आहे. ज्याची भीती वाटली तेच घडते तर ती वाचली असती, हा या कथेचा क्रूर विनोद एका संकेतार्थी वाक्यातच मावतो. हव्यास वाईट, या तात्पर्यात तो मावत नाही.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे, कारण तो अनुभवी माणसाचा आहे. मायकेल वेस्ट यांनी बंगालमधील आपल्या कामावरून १९२६ च्या द्वैभाषिकतेवरील ग्रंथात असे मांडले, की भारतीय विद्यार्थ्याची खरी गरज इंग्रजी वाचता येणे ही आहे. बोलण्याच्या आधी वाचन साधावे आणि त्यासाठी नियंत्रित शब्दसंग्रहाची पुस्तके हवीत. त्यांची ‘न्यू मेथड’ वाचनमाला आणि पुढे १९५३ ची सुमारे दोन हजार शब्दांची यादी याच विचारातून आली. ज्या मुलाला पानामागे वीस शब्द अडतात त्याला कथेतील सूक्ष्मता काय दाखवावयाची, हा त्यांच्या बाजूने येणारा प्रश्न रास्त आहे. पण त्यांचे नियंत्रण मुख्यतः शब्दांवर होते. कथा शब्दांत असते, हे खरे. परंतु वर पाहिले त्याप्रमाणे ती ज्या जागी घडते तेथील शब्द ‘हॅड’, ‘मस्ट’, ‘वुड’, ‘इफ’ असे असतात, आणि ते कोणत्याही दोन हजारांच्या यादीत अगदी वरच्या रांगेत बसतील. ‘रंगपाटी’साठी टीप द्यावी, उपरोधाचा परिच्छेद गाळावा. कोणाला काय केव्हा कळले, हा क्रम तेवढा गाळू नये. वेस्ट यांचा आक्षेप संक्षेपाचे समर्थन करतो, उलगडून सांगण्याचे नव्हे.

उलट दिशेची उदाहरणेही आपल्यासमोर आहेत. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील शाळांतून जो प्रकल्प चालविला, त्याचा पाया असा होता, की विद्यार्थ्याचे लक्ष अर्थ लावण्यात गुंतलेले असताना भाषेचे रूप तो आत्मसात करतो. त्यांनी नकाशे, वेळापत्रके, छोटी कोडी वापरली. कथेचा त्यात फारसा वाटा नव्हता, आणि येथे आम्हाला त्यांच्याशी थोडा मतभेद नोंदवावासा वाटतो: आगगाडीच्या वेळापत्रकावरून अनुमान काढणाऱ्या मुलाला ते अनुमान कधी डसत नाही. बेहर्मनच्या ओल्या बुटांवरून काढलेले डसते. विडोसन यांच्या १९७५ च्या शैलीविज्ञानावरील पुस्तकाने भाषेचा आणि साहित्याचा अभ्यास यांतील भिंत पाडण्याचा प्रयत्न केला. पण ती चर्चा पदव्युत्तर वर्गांतच घुटमळली आणि शाळेच्या दारापर्यंत आली नाही. याचा दोष काही अंशी आमच्यासारख्या विभागांकडे जातो. आम्ही शैलीविज्ञान शिकवितो ते प्रबंधासाठी. नववीच्या स्यू आणि जॉन्सीसाठी नव्हे.

राहता राहिली परीक्षा. राज्य मंडळाने प्रश्नपत्रिकेच्या जागी कृतिपत्रिका आणली, तेव्हा व्याकरण उताऱ्याच्या संदर्भातच विचारावे हा हेतू त्यामागे होता आणि तो स्तुत्य होता. प्रत्यक्षात उताऱ्यातून एक वाक्य उचलले जाते आणि त्याचा प्रयोग बदला, काळ ओळखा, असे सांगितले जाते. वाक्य उताऱ्यातले असते. प्रश्न मात्र उताऱ्याला ठाऊक नसतो. ‘या वाक्यातील काळ ओळखा’ याऐवजी ‘हे वाक्य साध्या भूतकाळात असते तर पहारेकऱ्याला काय ठाऊक होते असे आपण समजलो असतो?’ असे विचारणे अशक्य नाही. त्याचे उत्तर मार्गदर्शिकेत छापता येणार नाही, एवढीच त्याची अडचण. आणि आमच्या दृष्टीने तोच त्याचा गुण.

शिक्षक म्हणतील, की पस्तीस मिनिटांच्या तासात हे कसे बसावे? प्रश्न खरा आहे. ‘द लास्ट लीफ’ला वर सुचविल्याप्रमाणे तीन तास लागतील. त्यांपैकी एक तास आज सारांश उतरवून देण्यात जातो, तो मोकळा करता येईल. उरलेले दोन व्याकरणाच्या तासांतून घ्यावेत: पूर्ण भूतकाळाचा एक आणि अप्रत्यक्ष कथनाचा एक. त्या तासांना फळ्यावर राम आणि शाम यांच्याऐवजी बेहर्मनची शिडी असेल.